सातेरी घरात आहे का?

वसंत ऋतू चैत्रात येतो असे पंचांग सांगते, आणि आम्ही मराठी शिकवणारी माणसे वर्षानुवर्षे मुलांना तेच सांगत आलो आहोत. पालवी, कोकिळा, आम्रमंजिरी, मलयानिल एवढे शब्द उत्तरपत्रिकेत दिसले, की आम्ही खुशाल गुण देऊन मोकळे होतो. परंतु महाड-पोलादपूरकडच्या मधमाशीने हे पंचांग कधी मानले नाही. तिचा वसंत माघातच सुरू होतो. पहाटे सावित्रीच्या खोऱ्यात धुके साचलेले असते, आणि दहा वाजता तेच ऊन पाठीला चटका देऊ लागते. काजू मोहरलेला असतो. रानाच्या कडेला उक्षीचे हिरवट घोस लोंबू लागतात. सावर अंगावर एक पान न ठेवता लाल होते. परसातल्या शेवग्याखाली उभे राहिले, तर वर कुणीतरी दुरून तंबोरा जुळवीत असल्याचा भास होतो. ज्याच्या परसात मधमाश्यांची पेटी असेल, त्याने या दिवसांत ती एकदा उघडून पाहायची असते.

इंग्रजी पुस्तकांतही वसंतातल्या या तपासणीचे मोठे कौतुक असते. पण तिकडची गोष्ट निराळी. तिकडे माश्या बर्फाचे महिने एकमेकींना बिलगून, साठवलेला मध खात काढतात आणि ऊन पडले की मालक पेटी उघडून कोण जगले, कोण मेले ते बघतो. आपल्याकडे थंडीने माशी मरत नाही. आपल्या माशीचा खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. फुले असली तरी त्यांतला रस धुऊन जातो, पराग भिजतो, आणि माशीला घराबाहेर पडायला दिवसच्या दिवस उघडीप मिळत नाही. श्रावणातले उपास आपण हौसेने करतो, तिला ते सक्तीने करावे लागतात. दसरा-दिवाळीत ती पुन्हा सावरते, आणि माघात आपण पाहायचे ते एवढेच, की पुढच्या सुगीला पुरेल इतके मनुष्यबळ (मक्षिकाबळ म्हणू या) घरात तयार होते आहे की नाही.

ही सुगी म्हणजे जांभळीचा फुलोरा. तो फाल्गुनाच्या अखेरीपासून चैत्रापर्यंत केव्हातरी येतो आणि पाहता पाहता संपतो. आता हिशेब करा. राणीने आज घातलेल्या अंड्याची माशी व्हायला सुमारे वीस दिवस लागतात. जन्मल्यावरही ती लगेच रानात जात नाही. आधी घरकाम करते: घरटी साफ करणे, अळ्यांना भरवणे, मेण काढणे, दाराशी पहारा देणे. त्यात आणखी दोन-अडीच आठवडे जातात. म्हणजे जांभळीवर जाणाऱ्या माशीचे अंडे चाळीस दिवस आधी, माघात पडलेले असले पाहिजे. जांभूळ फुलल्यावर जागा होणारा मधपाळ आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक विकत घेणारा विद्यार्थी यांची जात एकच.

आपल्याकडे परसात पेटीत राहते ती सातेरी. कड्यावर आणि उंच झाडावर एकच भले मोठे पोळे लोंबत ठेवणारी ती आग्या. तिच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करते ती फुलोरी. सातेरीला मात्र काळोख लागतो. झाडाची ढोली, भिंतीतली भेग, वारूळ अशा बंद जागी ती एकाशेजारी एक उभी पोळी बांधते. सात पोळी बांधते म्हणून सातेरी, अशी व्युत्पत्ती सांगतात. मला ती फारशी पटत नाही, कारण पोळी मोजून बांधणारी माशी मी अजून पाहिलेली नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सातेरी ही ग्रामदेवता आहे आणि तिची पूजा वारुळाच्या रूपात होते. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत औद्दालक नावाचा एक आहे, आणि तो वारुळात राहणाऱ्या पिंगट माश्यांचा मध असा खुलासा पुढच्या वैद्यकग्रंथांत येतो. वारुळातली देवी आणि वारुळातली माशी यांचे नाव एकच असावे, हा मला योगायोग वाटत नाही. माझ्यापाशी याचा पुरावा नाही, पण व्युत्पत्तीच्या बाबतीत पुराव्यावाचून बोलण्याची आमच्या धंद्यात जुनी परंपरा आहे!

ही माशी पेटीत कशी आली, तेही थोडक्यात सांगतो. माणसाने मध खाल्ला तो हजारो वर्षे पोळे पिळूनच. रात्री मशाल लावायची, माश्या जाळायच्या आणि पिल्लांसकट पोळे कापून आणायचे, असा तो व्यवहार. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली, ती म्हणजे दोन पोळ्यांमध्ये ठरावीक अंतर सोडले, तर माशी ती फट मेणाने बुजवीत नाही, ये-जा करायला मोकळी ठेवते. झाले, त्या अंतरावर लाकडी चौकटी टांगल्या, की पुस्तकाचे पान उलटावे तसे पोळे बाहेर काढून पाहता येते आणि परत ठेवता येते. आपली माशी त्या परदेशी माशीहून लहान, म्हणून तिच्या पेट्याही लहान कराव्या लागल्या. दक्षिणेत फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तशी पेटी बनवली. आपल्याकडे १९४६ पासून महाबळेश्वरी हे काम सरकारी आश्रयाने सुरू झाले, आणि १९६२ साली पुण्यात मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला, की चाळीस किलोमीटरवर महाबळेश्वर. तेव्हा तिकडची विद्या घाट उतरून इकडे यायला फारसा उशीर लागला नाही. महाबळेश्वराजवळचे मांघर तर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. घाटाखाली असा गाजावाजा नाही. इथे एखाद्याच्या मागील दारी दोन पेट्या, एखाद्याकडे चार. गाय असावी, परसात अळू असावे, तशी पेटी.

गाय आणि पेटी यांत मात्र एक मोठा फरक आहे. गाय दाव्याला बांधता येते. सातेरीला दावे नाही. ‘मधमाशी पाळणे’ हा शब्दप्रयोग आपण करतो खरा, पण तिला तो ऐकवला तर ती हसेल. जागा आवडली नाही, मुंग्या लागल्या, मेणकिडा शिरला, खायला नाही किंवा फार छळ झाला, की एके दिवशी सगळे घर उठते आणि पिल्ले टाकून रानात निघून जाते. परदेशी मेलिफेरा माशी पंजाबात १९६०च्या दशकात रुजली ती याच कारणाने. ती मध भरपूर देते आणि घर सहसा सोडत नाही. सातेरीकडून वर्षाला चार-पाच किलो मिळाले तरी मधपाळ खूष असतो. तर माघातली तपासणी ही तिची झडती नव्हे. आपण तिला विचारायला गेलेलो असतो, की बाई, घरात आहेस ना? आणि राहणार आहेस ना?

गेल्या माघात अशी एक तपासणी मी जवळून पाहिली. आंबेनळीच्या पायथ्याशी, कापड्याच्या बाजूला एका वाडीत आमच्या ओळखीच्या एक काकी आहेत. सत्तरीच्या घरातल्या. दोन मुलगे मुंबईला. घरात त्या, एक म्हैस आणि परसात चार पेट्या. पेट्यांखालच्या खुंटांना पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. चौथी पेटी श्रावणापासून रिकामी होती. मी महाविद्यालयात शिकवतो, पण त्यांच्या लेखी जो शिकवतो तो मास्तर.

‘‘मास्तर, उभं ऱ्हायचं तर बाजूला ऱ्हावा. तिच्या दारात नको,’’ त्यांनी पहिली सूचना दिली.

नऊ-साडेनऊचा सुमार होता. काकी आधी पेटीला हात न लावता नुसत्या दाराकडे पाहत राहिल्या. येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या, केशरी परागाच्या गोळ्या होत्या. पराग येतो आहे याचा अर्थ घरात भरवायला पिल्ले आहेत. दोन माश्या फळीवर उभ्या राहून पंखांनी वारा घालत होत्या, तोंडे बाहेर करून. मेलिफेरा तोंड आत करून घरातला वारा बाहेर ओढते, सातेरी बाहेरचा वारा आत लोटते. मग काकींनी बोटाच्या पेराने पेटीवर हलकेच टिचकी मारली आणि कान लावला. मलाही लावायला सांगितला. आतून एकदम ‘सूंऽऽ’ असा आवाज उठला आणि तितक्याच एकाएकी थांबला. सगळ्या घराने मिळून दिलेला तो हुंकार. धक्का लागला की सातेरी असा फूत्कार टाकते. हे शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहेच, पण काकींच्या दृष्टीने ती दारावरची हाक आणि ओ होती.

त्यांनी सुकलेल्या शेणीचा तुकडा एका डब्यात पेटवून दोन फुंकरांइतकीच धुरी दिली. वरची मधाची कोठी उचलून बाजूला ठेवली आणि आधी पाहिला तो तळपाट. पेटीच्या तळाशी पडलेला कचरा म्हणजे घराची रोजवहीच. मेणाचा भुगा होता. सातेरीला जुने, काळे पडलेले पोळे आवडत नाही, ती ते कुरतडून पाडते आणि नवे बांधते. त्यात जाळी किंवा पांढरी अळी असती, तर मेणकिड्याची शंका. ती नव्हती. ओल्या फडक्याने तळपाट पुसून झाला.

मग एकेक चौकट. सरळ वर उचलायची, आडवी करायची नाही, पेटीच्या वरच धरायची, म्हणजे राणी पडली तरी घरातच पडेल. मला वाटले होते, की राणी शोधायची असते. काकींनी ती शोधली नाही. पाठीवर ऊन घेऊन त्यांनी चौकट तिरपी धरली आणि षटकोनांच्या तळाशी पाहायला सांगितले. तांदळाच्या कणीचाही बारीक तुकडा करावा एवढी पांढरी काडी, प्रत्येक घरट्यात एक. अंडे पहिल्या दिवशी उभे असते, मग कलते, तिसऱ्या दिवशी आडवे होते आणि फुटून अळी निघते. उभे अंडे दिसले म्हणजे राणी काल-परवा इथे होती. मग तिला कशाला त्रास? सही ताजी असेल तर साहेब कचेरीत आहे की नाही हे विचारावे लागत नाही!

दुसऱ्या पेटीत गर्दी मावत नव्हती. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी दोन राणीघरे लोंबत होती, आणि नरांच्या बंद घरट्यांवर मधोमध सुईच्या टोकाएवढे भोक होते. सातेरीच्या नरघरट्याची ही खूण. म्हणजे घर फुटायच्या बेतात आले होते. माणसांत आणि माश्यांत इथे मोठी गंमत आहे. आपल्याकडे मुलगी घर सोडते, यांच्यात आई सोडते. नवी राणी जन्मायच्या सुमारास जुनी राणी निम्मे कुटुंब घेऊन बाहेर पडते आणि भरले घर, साठवलेला मध, सारे लेकीच्या नावे करून जाते. हे आपल्या नकळत घडले, तर ते निम्मे कुटुंब रानात जाते. काकींनी ते आधीच घडवून आणले. राणी त्या चौकटीवर नाही याची खात्री करून राणीघर असलेली चौकट आणि पिल्लांच्या आणखी दोन चौकटी माश्यांसकट चौथ्या, रिकाम्या पेटीत ठेवल्या आणि ती पेटी उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला नेली. दुसरे राणीघर चिमटीत मोडून टाकले. सगळे इतक्या सहज चालले होते, की अंगणात पापड उलटावेत.

तिसऱ्या पेटीशी मात्र त्या थांबल्या. टिचकीला उत्तर आले, पण ते तुटक नव्हते, एखाद्या वर्गात शिक्षक नसल्यावर येते तसे रेंगाळणारे. दारावर परागही तुरळक. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. बंद पिल्ले होती, पण अंडे कुठेच नाही.

‘‘राणी गेली?’’ मी विचारले.

‘‘गेली का यायचीय, ते बघाया लागंल.’’

राणीवाचून राहिलेले घर फार दिवस टिकत नाही. कामकरी माश्याच वेड्यावाकड्या अंडी घालू लागतात, एकेका घरट्यात दोन-दोन, चार-चार, आणि त्यांतून नुसते नर निपजतात. तेव्हा अशा वेळी दुबळी पेटी सशक्त पेटीत मिसळून टाकावी, असे पुस्तक सांगते. काकींनी शेवटची चौकट उचलली आणि मला कडेला एक रिकामे राणीघर दाखवले. त्याचे टोक डब्याच्या झाकणासारखे गोल कापून बिजागरीवर उघडले होते. राणीघर बाजूने फोडलेले असते, तर आतली राणी मारली गेली असे समजायचे. टोक असे उघडले आहे त्याअर्थी ती स्वतः कापून बाहेर आलेली. घरात नवी राणी होती, पण अजून कुमारी. ती एखाद्या दुपारी उंच उडायची, अनेक नरांशी तिचा संग व्हायचा आणि परत आल्यावर काही दिवसांनी ती अंडी घालायची. त्या एका उड्डाणात वेड्या राघूने तिला टिपले, तर पेटी संपली. आपल्या हातात काय? काही नाही. पेटी बंद करून पंधरा दिवस तिकडे न फिरकणे.

पेटी बंद करता करताच काकींनी नाक वर केले. पलीकडच्या डोंगराच्या कडेने करडा पट्टा चढत होता. वणवा. अजून फाल्गुनही लागला नव्हता.

धुराचा आणि मधमाशीचा संबंध मोठा चमत्कारिक आहे. मधपाळाची धुरी मिळाली की माशी शांत होते असे आपण म्हणतो. त्याचे एक कारण असे, की धुराने डंखाच्या इशाऱ्याचा वास झाकला जातो. दुसरे कारण असे, की धूर म्हणजे रानाला आग, हे तिच्या रक्तात आहे. ती पोटभर मध पिऊन घर सोडायच्या तयारीला लागते, आणि पोट भरलेली माशी सहसा डंख मारीत नाही. म्हणजे आपण तिला खोटा वणवा दाखवून आपले काम साधतो. डोंगरावरचा वणवा खरा असतो. महाड-पोलादपूरचे डोंगर दरवर्षी असे जळतात. कुणी पुढच्या साली गवत चांगले यावे म्हणून काडी लावतो, कुणी शिकारीसाठी, कुणाच्या शेतातला राब भाजताना ठिणगी उडते, कुणी नुसतीच विडी टाकतो. मोठी झाडे झळ सोसूनही उभी राहतात. जळतात ती उक्षी, अंजनी, करवंदीची जाळी, सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचे कोवळे कोंब, आणि ढोल्यांत व वारुळांत राहणारी रानातली सातेरी. परसातली माशी जेमतेम अर्ध्या कोसाच्या फेऱ्यात चरते. तेवढे रान काळे झाले, तर पेटी कितीही स्वच्छ ठेवा.

सातेरीवर संकटे काही कमी आली नाहीत. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात ‘थाई सॅक ब्रूड’ नावाच्या विषाणूने तिच्या वसाहतींच्या वसाहती बसवल्या. मोहोरावरच्या फवारणीचा घाव तर दरवर्षीचा. तरी रोगातून ती पुन्हा उभी राहते असा अनुभव आहे. मेलिफेराला जगभर जेरीस आणणारी व्हरोआ नावाची तांबडी गोचीड मूळची सातेरीच्याच घरची, आणि सातेरी ती अंगावरून वेचून टाकून निभावून नेते. वणवा वेचून टाकता येत नाही. माझे मत विचाराल, तर या दोन तालुक्यांत पेट्या वाटण्याआधी जाळरेषा काढायला माणसे द्यावीत. पेटीला अनुदान मिळते, डोंगराला मिळत नाही. २०२१च्या जुलैत तळीयेवर दरड कोसळली आणि माणसे घरांसकट गेली, तेव्हापासून डोंगरावर काय उरले आहे याकडे इथला माणूस निराळ्या नजरेने पाहतो. तरीही माघ आला की काडी लागतेच.

त्या दिवशी वाडीतली चार पोरे आणि दोन म्हातारे हिरव्या फांद्या घेऊन वर गेले. तरुण म्हणावा असा त्यांत एकच होता, सुटीवर आलेला. दुपारपर्यंत आग ओढ्याच्या अलीकडे येऊ दिली नाही. काकींनी पेट्यांवर ओली गोणपाटे टाकली, आणि म्हशीला पाणी दाखवून भाताला आधण ठेवले.

शिमग्याला मी पुन्हा तिकडे गेलो. चाकरमानी आलेले होते, पालखी नाचत होती. काकींचा धाकटा मुलगा मधाची बाटली मागत होता, कारण मुंबईला साहेबाला द्यायची होती. ‘‘जांभळ तर फुलूं दे. पाडव्यानंतर ये,’’ काकी म्हणाल्या. तेवढ्यातही त्याने वरच्या कोठीचा एक कोपरा बोटाने खरवडून पाहिलाच. मध पातळ होता, घरट्यांवर मेणाची झाकणे अजून बसायची होती. असा कच्चा मध काढला, तर महिन्याभरात आंबतो. आणि वैशाख सरता सरता काढणीही थांबवायची, त्यापुढचा मध तिच्या आषाढासाठी.

तिसऱ्या पेटीची मी चौकशी केली. काकींनी उत्तर न देता बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि माझे डोके पेटीला लावले. आवाज उठला आणि लगेच थांबला. मग त्यांनी मधली चौकट उचलून उन्हात तिरपी धरली. माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना चष्मा लावूनही क्षणभर काही दिसेना. मग दिसले. तळाशी उभी, पांढरी, प्रत्येक घरट्यात एक.